अलास्का : छोटं जहाज की मोठं? (आई-बाबांना घेऊन जायचंय)

खारफुटी (कासारवडवली, ठाणे)

नमस्कार मंडळी.

बाबांना पुढच्या वर्षी पंचाहत्तरी लागतेय. हिमनदीचा कडा समुद्रात कोसळताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, हे त्यांच्या डोक्यात फार जुनं आहे. काश्मीर झालं, मनाली झालं, "बर्फ बघितला, पण पडताना नाही बघितला" हे पालुपद सुरूच. म्हणून अलास्का धरलं. जाणार पाच जण. आई ६९ ची, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आणि कसारा घाटात हमखास गाडी लागणारी. बाबांना एक स्टेंट आहे, पण उपवनच्या तलावाला रोज फेऱ्या मारतात. आम्ही दोघं, आणि बारा वर्षांची लेक.

नौपाड्यात एका टूरवाल्याकडे गेलो. त्याने तीन-चार हजार माणसांच्या जहाजाचं पुस्तक पुढे सरकवलं. घसरगुंड्या, कसिनो, रोज रात्री नाचगाणी. मी घरी येऊन शोधाशोध केली, तर साठ-ऐंशी माणसं नेणारी छोटी जहाजंही आहेत. ती अगदी आतल्या खाड्यांत शिरतात, तिथून छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. फोटो बघून जीव तिथेच अडकला आणि भाव बघून झोप उडाली.

छोट्या जहाजात खरंच एवढं काही असतं, की नुसतंच 'आम्ही वेगळे'? आणि आईला ते झेपेल का? कोणी जाऊन आलं असेल तर लिहा.

तिरकस_तांडेल (कोपरी)

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोमध्ये बसा आणि एसी वाढवायला सांगा. झालं अलास्का.

गंमत सोडा. पाच माणसांचा छोट्या जहाजाचा खर्च म्हणजे कर्जतला जमिनीचा तुकडा. वेगळेपणाची हौस दांडगी असते बुवा लोकांना.

पामबीचवाली (सीवूड्स)

तांडेलदादा, जमिनीचा तुकडा देवमासा दाखवत नाही.

खारफुटी, आम्ही छोट्या जहाजाने जाऊन आलोय म्हणून सविस्तर लिहिते. पण आधी टूरवाला सांगणार नाही आणि छोट्या जहाजवालेही सांगणार नाहीत ती गोष्ट. बाबांना फक्त कडा कोसळताना बघायचा असेल तर मोठं जहाज पुरे. ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये मोठी जहाजंही जातात, दिवसाला जास्तीत जास्त दोन, आणि पार्कचे रेंजर वर चढून माहिती सांगतात. मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज बराच वेळ थांबतं, सगळ्यांना दिसावं म्हणून जागच्या जागी वळतंही. उंच डेकवरून दृश्य चांगलंच दिसतं. कोसळणं मात्र नशिबावर, तिथे छोटं-मोठं काही नाही.

छोट्या जहाजाची मजा त्या कड्याच्या अलीकडे-पलीकडे असते. सकाळी उठून डेकवर गेलं की जहाज कुठल्यातरी बिननावाच्या वाटणाऱ्या खाडीत नांगर टाकून उभं असतं. बंदर नाही, दुकानं नाहीत. नाश्ता झाला की फळ्यावर लिहिलेलं असतं : कयाक (वल्ह्यांची चिंचोळी होडी), जंगलातली चाल, किंवा बोटीतून किनाऱ्याकडेने फेरी. अस्वल दिसलं तर कार्यक्रम गुंडाळतात आणि तिथेच थांबतात. आमच्या एका दुपारचा अख्खा बेत देवमाशांमुळे रद्द झाला. हम्पबॅकचा कळप बुडबुड्यांचं जाळं करून हेरिंग मासे वर ढकलत होता आणि मग सगळे एकदम तोंड उघडून वर यायचे. कॅप्टनने इंजिन सावकाश केलं, शंभर यार्डांच्या बाहेर राहिला (जवळ जायला कायद्याने बंदी आहे) आणि जेवण उशिरा लागेल म्हणून सांगितलं. कोणी कुरकुर केली नाही.

आणि बर्फाचा आवाज. कड्यापुढे पाण्यावर बर्फाचा चुरा तरंगत असतो. बोटीचं इंजिन बंद केलं की तो सगळा तडतडायला लागतो, तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखा. जुन्या बर्फात कोंडलेली हवा फुटत असते. मोठ्या जहाजाच्या चौदाव्या मजल्यावर हे ऐकू येणार नाही.

आता आईंबद्दल. आमच्या जहाजात लिफ्ट नव्हती. जिने अरुंद आणि उभे. केबिनचं दार थेट बाहेरच्या डेकवर उघडायचं, म्हणजे पावसात जेवायला जाताना जॅकेट चढवायचं. न्हाणीघर इतकं लहान की शॉवर घेताना कमोडवर पाणी उडतंच. बाल्कनी वगैरे विसरा.

बोटीत उतरायचं तंत्र असतं. खलाशाचा हात धरायचा नाही, एकमेकांची मनगटं घट्ट पकडायची. एक पाय फुगवलेल्या कडेवर, दुसरा आत, की लगेच बूड टेकायचं आणि बसल्या बसल्या सरकायचं. किनाऱ्यावर उतरताना घोटाभर पाण्यात, गोट्यांवर पाय पडतो. गुडघा या क्षणाला लागतो, चालताना नाही. आमच्याबरोबर आईंच्या वयाच्या दोन बायका होत्या. एक रोज उतरायची. दुसरी बोटीतून फेरी मारायची, पण किनाऱ्यावर पाय ठेवला नाही, आणि तीही खूश होती.

दाणेदार (खारघर)

पामबीचवाली ताई, झकास. वाचनखूण साठवली.

मी खर्चाचं आणि कागदपत्रांचं बोलतो, कारण तिथेच बेत फसतात. छोट्या जहाजाचं सात रात्रींचं माणशी पाच हजार डॉलरच्या पुढेच धरा, नावाजलेल्यांचं त्याहून बरंच वर. मोठ्या जहाजात आतली केबिन याच्या चौथाई-तिहाईत मिळून जाते, पण त्यात किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट, टिपा वेगळ्या. छोट्यात कयाक, गाईड, बोटी बहुतेक वेळा भाड्यातच असतात. बेरीज करून मग तुलना करा. छोटं तरीही महाग पडेल, पण पुस्तकातल्या किमतीत दिसतो तेवढा फरक उरत नाही. इथल्या एजंटकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस (आगाऊ कर) कापला जाईल. रिटर्न भरताना तो वळता होतो, तोवर पैसे अडकतात.

व्हिसा : मोठी जहाजं एकतर व्हँकुव्हरहून सुटतात किंवा सिएटलहून सुटून वाटेत कॅनडात, बहुधा व्हिक्टोरियाला, थांबतात. म्हणजे अमेरिका आणि कॅनडा, दोन्ही व्हिसा. छोटी जहाजं बरीचशी जुनोहून निघून जुनो, सिटका किंवा केचिकनला संपतात. सगळं अमेरिकेतच, एका व्हिसात काम. मात्र मुंबईत अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला महिनेच्या महिने जातात. पाचही व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारी रक्कम कुठेही भरू नका.

अवांतर : नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं म्हणून आमच्या सोसायटीत लोक कुठेही थेट जायच्या गप्पा मारतात. जुनोला बहुधा सिएटलवरून जावं लागतं. जुनो अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून रस्ताच जात नाही. विमान नाहीतर बोट. धुक्याने विमानं रखडतात, तेव्हा जहाज सुटायच्या किमान आदल्या दिवशी पोचा.

तिरकस_तांडेल

मोठी जहाजं कॅनडात कशाला तडमडतात पण? अलास्का अमेरिकेचं, सिएटल अमेरिकेचं.

इंजिनरूम (नेरूळ)

१८८६ चा कायदा आहे अमेरिकेचा. परदेशी झेंड्याच्या जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी बहामा, पनामा, माल्टा असल्या झेंड्यांची. ही छोटी जहाजं अमेरिकेत बांधलेली, अमेरिकी झेंड्याची, खलाशीही तिकडचेच. त्यांना ती अट नाही. भाडं चढं असण्याचं एक कारणही तेच. अमेरिकी खलाशाचा पगार आणि आमच्यासारख्यांचा पगार, काय बोलायचं.

मी आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलं, क्रूझवाला नाही. पण समुद्र तोच. खारफुटीताई, आईंना बोट लागेल का, हा तुमचा खरा प्रश्न. जहाज केवढं आहे यापेक्षा ते कुठून जातं हे बघा. अलास्काच्या त्या पट्ट्यात अकराशेच्या आसपास बेटं आहेत आणि वाट त्यांच्या मधून जाते. बाहेरचा पॅसिफिक बेटांवर आपटतो, आत पाणी बऱ्यापैकी शांत. छोटी जहाजं जुनो-सिटकाच्या टापूतच फिरतात, म्हणजे सुरक्षित पाण्यात. उलट सिएटलहून निघालेलं मोठं जहाज व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून वर जातं. तिथे हलतं. स्टॅबिलायझर (हेलकावे कमी करणारे पंख) असले तरी हलतं. तेव्हा आईंना छोट्या जहाजात बोट कमी लागेल असंही होऊ शकतं.

केबिन घेताना खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध घ्या. नाळेकडची (पुढच्या टोकाची) आणि इंजिनाच्या डोक्यावरची नको. नांगराची साखळी पहाटे सुटते तेव्हा पुढच्या केबिनमधला माणूस बिछान्यातून उडतो.

भरती-ओहोटीचं सांगतो. आपल्या ठाण्याच्या खाडीत उधाणाला पाचेक मीटरचा फरक पडतो, जुनोला सहा-सात मीटर पडू शकतो. सिटकाच्या वाटेवर पेरिल स्ट्रेट नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे, तिथे प्रवाह इतका ओढतो की बोटी पाणी थांबायची वेळ साधून जातात. पीटर्सबर्गजवळ रँगेल नॅरोजमध्ये पस्तीसेक किलोमीटरच्या वाटेत साठच्या वर दिवे आणि बोया आहेत. मोठी क्रूझ जहाजं तिथे जातच नाहीत. म्हणून छोट्या जहाजाचं वेळापत्रक भरती ठरवते, तुम्ही नाही. ज्यांना 'साडेनऊला काय, अकराला काय' लिहून लागतं त्यांनी मोठं घ्यावं.

एक काळजीचा मुद्दा. मोठ्या जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो. साठ-ऐंशी जणांच्या जहाजावर बहुतेकदा डॉक्टर नसतो. प्रथमोपचार येणारे खलाशी असतात. बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांना हे स्पष्ट सांगून मग विचारा. विम्यात हेलिकॉप्टरने किंवा विमानाने हलवायचा खर्च धरलाय का, आणि आधीचा आजार धरलाय का, हे पॉलिसीत स्वतः वाचा. एजंट हो म्हणाला याला अर्थ नाही.

फ्योर्डवेडा (ऐरोली)

अलास्काच का पण? नॉर्वेचा किनारा बघा. बर्गेन ते किर्केनेस ही टपाल-बोटीची सेवा १८९३ पासून चालू आहे. ३४ बंदरं, जाऊन-येऊन बारा दिवस, हवं तर एकाच बाजूचा प्रवास. ही नुसती क्रूझ नाही. गावातली माणसं, त्यांच्या गाड्या, खोकी असं सगळं त्याच जहाजात चढतं-उतरतं. लिफ्ट आहे, चांगल्या केबिन आहेत. आईंना कुठेही बोटीत उड्या मारायला नकोत, खिडकीत बसून किनारा सरकताना बघायचा. शेंगेन व्हिसा पुरतो.

पामबीचवाली

नॉर्वे सुंदरच, पण त्या वाटेवर हिमनदीचा कडा समुद्रात पडत नाही. बाबांची पंचाहत्तरी आहे, फ्योर्डवेड्यांची नाही. :)

इंजिनरूम

आणि नॉर्वेची वाट मधूनमधून पूर्ण उघडी आहे. स्टाड आणि हुस्टाडविका ही नावं तिकडचे खलाशी आदराने घेतात. २०१९ च्या मार्चमध्ये हुस्टाडविकात वादळात एका मोठ्या क्रूझ जहाजाची इंजिनं बंद पडली, वर तेराशेहून जास्त माणसं. साडेचारशेच्या वर लोकांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचलावं लागलं. चौकशीत निघालं काय, तर लूब ऑइलची पातळी कमी होती, जहाज हेलकावल्यावर पंपांना तेल मिळेना आणि इंजिनं सुरक्षेसाठी आपोआप बंद झाली. तेलाची डिपस्टिक हो! असो, आमच्या लोकांचा हा जिव्हाळ्याचा विषय. उन्हाळ्यात नॉर्वे ठीक आहे.

फ्योर्डवेडा

मग सरळ अंटार्क्टिकाच करा, बर्फच बर्फ.

पामबीचवाली

कसारा घाट न सोसणाऱ्या बाईला ड्रेक पॅसेज, म्हणजे अंटार्क्टिकाच्या वाटेवरचा तो खवळलेला समुद्र? तुमच्या आईला न्या आधी. तिथेही छोटंच लागतं बरं का, पाचशेच्या वर प्रवासी असले तर किनाऱ्यावर उतरवतच नाहीत आणि एका वेळी शंभरच माणसं खाली.

तिरकस_तांडेल

माझा एक खरा प्रश्न, खवचट नाही. स्वस्तात हेच पाणी बघायचं तर काही नाहीच का?

दाणेदार

आहे की. अलास्का सरकारची फेरी, १९६३ पासून. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून निघते आणि केचिकन, रँगेल, पीटर्सबर्ग करत जुनो, पुढे स्कॅगवेपर्यंत. मगाशी काका म्हणाले त्या रँगेल नॅरोजमधून ती जाते. केबिन घ्या नाहीतर डेकवर झोपा. लोक चक्क डेकवर तंबू ठोकतात, वाऱ्याने उडू नये म्हणून चिकटपट्टीने चिकटवून. कॅफेटेरियात खायचं. पण ती वाहतूक आहे, सहल नव्हे. देवमासा दिसला म्हणून थांबणार नाही. आणि ग्लेशियर बेच्या कड्यांपर्यंत जात नाही. त्यासाठी जुनोहून गस्टेव्हसला जाऊन पार्कची दिवसभराची बोट घ्यायची. तरुण जोडप्याला हा बेत छान. पंचाहत्तरीला नको.

तिरकस_तांडेल

धन्यवाद. बायकोला दाखवतो, तंबूचा भाग वगळून.

खारफुटी

सगळ्यांचे मनापासून आभार! मी घरात धागा मोठ्याने वाचून दाखवला. टूरवाल्याशी तासभर बोलून जे कळलं नव्हतं ते इथे कळलं. अजून काही शंका : महिना कोणता धरावा? लेकीची शाळा जूनच्या मध्यात सुरू होते. पाऊस किती? आणि आई शाकाहारी आहे, छोट्या जहाजावर उपासमार तर नाही?

पामबीचवाली

मे महिना धरा, शक्य तेवढा शेवटचा आठवडा. त्या भागातला त्यातल्या त्यात कोरडा काळ, डोंगरांवर बर्फ शिल्लक, धबधबे जोरात, भाडंही थोडं उतरतं. हम्पबॅक हवाईकडून परत आलेले असतात. अस्वलं किनाऱ्यावर कोवळं गवत चरायला उतरतात. सामन मासे पकडणारी फोटोतली अस्वलं हवी असतील तर जुलै-ऑगस्ट, पण शाळा आहे ना.

कोरडा म्हणजे आपल्या मे महिन्यासारखा कोरडा नाही हं. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ठाण्याहून जास्त, आणि आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर झिरपत राहतो. छत्री निरुपयोगी. वरून खालपर्यंत पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट, आत लोकरीचे थर. जीन्स अजिबात नको, भिजली की वाळत नाही. तापमान दहा-बारा अंश असलं तरी कड्यासमोरचा वारा हाडात शिरतो.

जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. साठ माणसांचा स्वयंपाकी रोज विचारून जातो, मोठ्या जहाजापेक्षा इथे ते सोपं. तरी मेतकूट आणि लोणचं न्या. भात मागितला की मिळतो.

मोठ्या जहाजाबद्दल आणखी एक. जुनोची वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास. तिथे एका दिवसात पाच-सहा मोठी जहाजं लागायची, शेवटी २०२४ पासून दिवसाला पाचावर मर्यादा घातली. पाच जहाजं म्हणजे पंधरा हजार माणसं एका रस्त्यावर. गणपतीत तलावपाळीला जाणाऱ्याला त्याचं काही वाटायचं नाही, पण त्यासाठी अलास्का कशाला.

निवृत्त_फोरमन (ठाणे)

नमस्कार. मी खारफुटीचे वडील. नातीने मला इथे आयडी काढून दिला. सर्व वाचले. माझ्या तब्येतीची इतकी चर्चा कंपनीच्या डॉक्टरनेही कधी केली नव्हती.

श्री. इंजिनरूम यांचा मुद्दा पटला. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात मी मशीनशॉपला होतो. तेलाची पातळी न बघता मशीन सुरू करणाऱ्यास मी घरी पाठवीत असे.

माझे म्हणणे असे की मला कडा बघायचा आहे, तो मोठ्या जहाजातून दिसत असेल तर माझी हरकत नाही. मुलीने माझ्यासाठी एवढा खर्च करू नये. परंतु काल रात्री सौ. म्हणाली की तिला कड्यात रस नाही, तिला त्या जंगलात उतरायचे आहे आणि अस्वल बघायचे आहे. हे तिने आजवर मला सांगितले नव्हते. गुडघ्याचे काय विचारले तर म्हणाली, गुडघा नवा आहे, जुना तुमचा आहे.

पामबीचवाली

काकू जिंदाबाद!

तिरकस_तांडेल

काकूंसाठी कर्जतची जमीन माझ्यातर्फे माफ.

इंजिनरूम

नमस्कार फोरमनसाहेब. तुमच्यासारखे दोघे त्या जहाजावर असते तर बातमी झालीच नसती.

वहिनींची चाचणी इथेच घ्या. थंडीत ऐरोलीहून वनविभागाची फ्लेमिंगो दाखवणारी बोट सुटते. धक्क्यावरून हलत्या बोटीत पाय टाकणं आणि परत चढणं, एवढ्यापुरती ती उत्तम. पण खाडीत कोणालाच बोट लागत नाही, त्यावर विसंबू नका. त्यासाठी गेटवेवरून मांडव्याची साधी लाँच घ्या, रो-रो नव्हे, ती फार स्थिर. एप्रिल-मेमध्ये, दुपारी वारा सुटल्यावर. तिथे ठीक राहिल्या तर अलास्काच्या आतल्या पाण्यात काही होणार नाही. उलटीच्या गोळ्या तुमच्या बाकीच्या औषधांशी जुळतात का ते डॉक्टरांना विचारून ठेवा, तुम्हालाही लागू शकतात. बोट बऱ्याचदा 'मला नाही लागत' म्हणणाऱ्यालाच लागते.

दाणेदार

जहाजाच्या कंपनीला ईमेल करताना नेमकं विचारा. लिफ्ट आहे का, जेवणघर आणि केबिन एकाच मजल्यावर मिळेल का, बोटीत उतरायला मागे सपाट फळी आहे की शिडी, बारा वर्षांच्या मुलीला कयाक देतात का, ग्लेशियर बेचा परवाना त्या फेरीत आहे की नाही. शेवटचं विसरू नका. काही फेऱ्या ग्लेशियर बेला जातच नाहीत, दुसऱ्या फ्योर्डात (डोंगरांमधल्या खोल खाडीत) कडा दाखवतात. ट्रेसी आर्म दाखवणाऱ्यांना तर जास्तच खोदून विचारा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथे डोंगराची दरड पाण्यात कोसळून मोठी लाट उठली होती, त्यानंतर बऱ्याच जहाजांनी शेजारचं एंडिकॉट आर्म धरलं.

खारफुटी

दोन कंपन्यांना ईमेल गेले. एकीचं उत्तर आलं : लिफ्ट नाही, पण जेवणघराच्याच मजल्यावर दोन केबिन देऊ शकतात आणि बोटीत चढायला मागे सपाट फळी आहे. ग्लेशियर बे आहे, आत दोन दिवस. बार्टलेट कोव्हला त्लिंगिट या तिथल्या मूळ रहिवाशांचं २०१६ मध्ये उभारलेलं घरही दाखवतात. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकली तेव्हा त्यांची वस्ती उठली होती. १७९४ मध्ये इंग्रज दर्यावर्दी व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं तिथून गेली तेव्हा जवळपास अख्खं आखात बर्फाने भरलेलं होतं, आता बर्फ शंभर किलोमीटर मागे गेलाय. लेकीने हे सगळं वाचून भिंतीवर नकाशा लावलाय.

डॉक्टरांनी बाबांना ट्रेडमिल करायला सांगितलीय, त्यानंतर नक्की. व्हिसाचे फॉर्म भरायला घेतले. तिसरी खोली परवडत नाही, त्यामुळे लेक आमच्याच केबिनमध्ये तिसऱ्या बंकवर. आई-बाबांचे पैसे देण्यावरून घरात रोज भांडण आहे, ते इथे लिहीत नाही.

एक शेवटचं. कंपनी म्हणते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट लागतील. ते ठाण्यातून न्यावेत का? स्टेशनजवळ पावसाळी गमबूट मिळतात.

पामबीचवाली

नका नेऊ, जड असतात. बरीच जहाजं वापरायला देतात, आधी माप कळवावं लागतं. माप मात्र जाड लोकरी मोजे घालून घ्या.

निवृत्त_फोरमन

माझ्याकडे कारखान्यातले आहेत. चांगले आहेत.

खारफुटी

बाबा, ते पोलादी टोपीचे आहेत. विमानतळावर प्रत्येक दारात वाजतील.